पहिला ट्रॅव्हल ट्रेलर घेताना: आधी गाडीचं दार उघडा, मग ट्रेलरचं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं छोटं घर, घ्यावासा वाटतो तो साधारण एकाच वळणावर. मुलं थोडी मोठी झालेली असतात, तंबूत झोपून आई-बाबांची पाठ धरायला लागलेली असते, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना यलोस्टोन दाखवायचं असतं. पण मध्यरात्री टॉर्च घेऊन त्यांना कॅम्पग्राउंडच्या स्वच्छतागृहापर्यंत चालवत न्यायचं नसतं. मग एका शनिवारी सगळे मिळून डीलरकडे जातात. एसी लावून गार केलेल्या तीस फुटी ट्रेलरमध्ये शिरतात, मुलं धावत बंकवर, म्हणजे एकावर एक असलेल्या पलंगांवर, चढतात, कोणीतरी सोफ्यावर पाय पसरून बसतं, आणि निर्णय जवळजवळ तिथेच होऊन जातो.

माझं कळकळीचं सांगणं आहे की डीलरकडे जाणं हे सगळ्यात शेवटचं काम असू द्या. ट्रेलर किती मोठा घ्यायचा हे तुमची गाडी ठरवते आणि आतली मांडणी कशी हवी हे तुमच्या घरातली रात्र आणि सकाळ ठरवते. ही दोन्ही उत्तरं घरी बसूनच मिळतात.

हा लेख गाडीच्या मागे हिचच्या (मागच्या बाजूला बसवलेल्या लोखंडी जोडणीच्या) बॉलवर अडकवून ओढायच्या ट्रेलरबद्दल आहे. पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा फिफ्थ व्हील किंवा स्वतःचं इंजिन असलेलं मोटरहोम यांचं गणित वेगळं असतं. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही. बऱ्याच राज्यांत कायद्यानेच मनाई आहे, आणि जिथे नाही तिथेही ते धोक्याचंच. म्हणजे जितकी माणसं येणार तितक्या पट्ट्याच्या जागा गाडीत हव्यात, आणि त्या सगळ्यांचं वजन गाडीच वाहणार.

पायरी १: पुढच्या वर्षाची यादी लिहा

कागद घ्या आणि येत्या वर्षात खरोखर होतील अशा सहली लिहा. कुठे, किती रात्री, कोण कोण. मनातली अलास्काची स्वारी लिहू नका. जवळच्या स्टेट पार्कातले शनिवार-रविवार लिहा. बहुतेक घरांत दिसेल की दहातल्या आठ वेळा घरचे चौघेच जाणार आहेत. ट्रेलर त्या आठ वेळांसाठी घ्यायचा. उरलेल्या दोन वेळा कोणाला तरी थोडं अडचणीत झोपावं लागेल किंवा शेजारी तंबू ठोकावा लागेल, तेवढं चालतं. पण घरात आजी-आजोबा दर उन्हाळ्यात येत असतील तर ते पाहुणे नव्हेत, त्यांना पहिल्या आकड्यातच धरा.

पायरी २: गाडीच्या दारावरचा स्टिकर वाचा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबते.

गाडी विकताना कंपनी एक आकडा पुढे करते, गाडी किती पौंड ओढू शकते तो. पेट्रोलवरची टोयोटा हायलँडर योग्य पॅकेजसह ५,००० पौंड, तिचीच हायब्रिड ३,५००, होंडा ओडिसी आणि टोयोटा सिएना ३,५००. वर्ष आणि मॉडेलप्रमाणे हे बदलतं, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहा. हा आकडा खरा असतो, पण तो गाडीत फक्त चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, असं धरून काढलेला असतो. आपण तसे कधीच जात नाही.

आता ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायरच्या हवेचा दाब लिहिलेला पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा स्टिकर असतो. त्यावरच एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर वजन जाता कामा नये. हा तुमच्या गाडीचा पेलोड. आणि ट्रेलरचं पुढचं टोक हिचवर जो भार टाकतं, ज्याला टंग वेट म्हणतात, तोही याच पेलोडमधून वजा होतो. टंग वेट भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. कमी झालं तर ट्रेलर हायवेवर डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो आणि एकदा जोरात झुलायला लागला की सावरणं फार कठीण. तेव्हा टंग वेट कमी करून पेलोड वाचवण्याची पळवाट नाही.

समजा स्टिकरवर १,४०० पौंड लिहिलंय. आई-बाबा मिळून ३२०, दोन मुलं १५०, आजी-आजोबा २८०, झाले ७५०. गाडीतल्या बॅगा, कूलर, स्ट्रोलर १५०. वजन वाटून देणारी हिच साधारण ८०. एकूण ९८०. उरले ४२०. टंग वेट १२ टक्के धरलं तर हे ४२० पौंड ३,५०० पौंडांच्या ट्रेलरला पुरतात. गाडी ५,००० ओढते असं कंपनी म्हणते, पण सगळं कुटुंब गाडीत बसल्यावर ती ३,५०० चीच उरते. आजी-आजोबा नसतील त्या सहलीला ७०० पौंड उरतात आणि मग कंपनीचा ५,००० चा आकडा आड येतो. मॅन्युअलमध्ये टंग वेटची वेगळी कमाल मर्यादाही दिलेली असते, आणि हिचच्या नळीवरच्या पट्टीवर हिचची. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तो तुमचा.

आता ट्रेलरची बाजू. पत्रकात ठळक छापलेलं ‘ड्राय वेट’ विसरा. त्यात पाणी नसतं, तुमचं सामान नसतं, बऱ्याचदा बॅटरी आणि भरलेले प्रोपेनचे सिलिंडरही नसतात. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. आपण डबे, कुकर, पांघरुणं, खुर्च्या, मुलांच्या सायकली घेऊन निघतो. चौघांच्या घराचं सामान ६०० ते १,००० पौंडांत सहज जातं. म्हणून तुलना करायची ती जीव्हीडब्ल्यूआर या आकड्याशी, म्हणजे पूर्ण भरलेल्या ट्रेलरच्या कमाल वजनाशी. डीलर म्हणेल, ‘तुम्ही काय पूर्ण भरणार थोडेच?’ भरतो. सगळेच भरतात.

डोंगरात जाणार असाल तर आणखी जागा सोडा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे पोचेपर्यंत इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते, आणि नेमका तोच चढ सगळ्यात उभा. मर्यादेच्या ऐंशी टक्क्यांच्या आत राहणं हा अनुभवी लोकांचा शिरस्ता आहे आणि मला तो पटतो. इलेक्ट्रिक गाडीने ओढणार असाल तर एका चार्जमधलं अंतर साधारण निम्म्यावर येतं, हे धरून मार्ग आखा.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असले तरी ते चालवायला गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून, इतर बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, रस्ता कितीही मोकळा असो.

पायरी ३: लांबी

मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे लांबी असं समजू नका. नावात २२ असतं आणि हिचच्या टोकापासून मागच्या बंपरपर्यंत मोजलं की २५-२६ फूट भरतात, कारण पुढचा तीन-चार फुटांचा त्रिकोणी दांडा नावात धरलेला नसतो. कॅम्पग्राउंडच्या बुकिंगला हीच पूर्ण लांबी लागते.

नॅशनल पार्कांतली बरीच कॅम्पग्राउंड जुनी, लहान ट्रेलरच्या काळातली आहेत. योसेमिटी व्हॅलीतल्या अप्पर पाइन्समध्ये ट्रेलरची कमाल लांबी २४ फूट आहे. लोअर आणि नॉर्थ पाइन्समध्ये ३५. तिथे जागा मिळवण्यासाठी किती झुंबड असते हे ज्यांनी प्रयत्न केलाय त्यांना माहीत आहे. २४ फुटांच्या आतला ट्रेलर असला की तुमच्यासाठी तिन्ही दारं उघडी राहतात, हा लहान ट्रेलरचा फार मोठा फायदा. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या अवघड टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहन किंवा वाहन आणि ट्रेलर मिळून २१ फुटांपेक्षा लांब जोडी नेता येत नाही, म्हणजे ट्रेलर कॅम्पग्राउंडवर सोडूनच जायचं. झायनमधला माउंट कार्मेल बोगदा १९३० सालचा, अरुंद; तिथे मोठ्या वाहनांवर निर्बंध आहेत, ७ फूट १० इंच रुंदीपासूनच, आणि बरेच ट्रेलर आठ फूट किंवा जास्त रुंद असतात. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचे नियम पाहा.

दुसरा प्रश्न घराचा. तुमच्या एचओएला, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाला, ड्राइव्हवेत ट्रेलर चालतो का? बहुतेकांना चालत नाही, आणि मग महिन्याच्या भाड्याने स्टोरेज घ्यावं लागतं. ते भाडंही लांबीवरच ठरतं.

माझं मत विचाराल तर दोघांसाठी १६ ते २० फूट आणि चौघांसाठी पूर्ण लांबी २२ ते २६ फूट. तिसाच्या पुढे गेलात की जुन्या कॅम्पग्राउंडांतल्या बऱ्याच जागा हातच्या जातात आणि मोठा पिकअप जवळपास अपरिहार्य होतो. गाडी बदलण्याची तयारी असेल तर तोही खर्च आत्ताच धरा.

पायरी ४: कोण कुठे झोपणार, आणि सकाळी चहा कुठे होणार

पत्रकात ‘स्लीप्स ८’ लिहिलेलं असतं. त्यात टेबल खाली पाडून केलेला बिछाना, सोफा उघडून केलेला बिछाना, सगळं मोजलेलं असतं. तो आकडा निम्मा करा. तेवढी माणसं आठवडाभर भांडण न करता राहतील.

फ्लोअर प्लॅनची, म्हणजे आतल्या मांडणीची, नावं सहसा मॉडेलच्या शेवटच्या अक्षरांत असतात. बीएच म्हणजे बंकहाउस, एका टोकाला दोन किंवा जास्त बंक. आरबी म्हणजे मागे बाथरूम. आरके मागे किचन, आरएल मागे बैठक, एमबी बऱ्याचदा भिंतीत उभा मिटणारा मर्फी बेड. लहान मुलांच्या घरासाठी बंकहाउस सगळ्यात सोयीचं, कारण मुलांची जागा कायमची असते. ती आठ वाजता झोपली तरी मोठ्यांना टेबल मोकळं राहतं. बंकची रुंदी आणि तिथे चिकटवलेली वजनाची मर्यादा मात्र बघाच. २८ इंची बंकवर आज आठ वर्षांचा मुलगा मजेत झोपेल. पाच वर्षांनी तोच तिथे मावणार नाही.

डायनेट म्हणजे समोरासमोर बाकं आणि मधे टेबल. ते रोज रात्री खाली करून गाद्या जोडायच्या, रोज सकाळी परत उभं करायचं. एक-दोन रात्रींना ठीक. आता ही सकाळ डोळ्यांपुढे आणा: आजोबा साडेपाचला उठलेत, आजींना चहा हवाय, बाहेर थंडी आहे, आणि डायनेटवर नातवंडं गाढ झोपलीत. बसायला जागाच नाही. ज्या घरात कोणीही लवकर उठतं, तिथे एक तरी बसण्याची जागा अशी हवी जी रात्री बिछाना होत नाही. हा एक निकष लावला की निम्मे फ्लोअर प्लॅन आपोआप गळतात.

मुख्य पलंग कोणाला, हेही आत्ताच ठरवा. आपल्याकडे तो आजी-आजोबांना जातो आणि जायलाच हवा. तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी उतरता येतं का पाहा. लहान ट्रेलरमध्ये पलंग तीन भिंतींना टेकलेला असतो, आत झोपलेल्याला बाहेरच्याला ओलांडून उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही. घरची क्वीन गादी ८० इंच लांब असते, ट्रेलरमधली बऱ्याचदा ७४-७५. उंच माणसाचे पाय भिंतीला लागतात. आणि आजी-आजोबा मुख्य पलंगावर गेले म्हणजे आई-बाबा डायनेटवर आले, तेव्हा त्या जोडलेल्या गादीची लांबीही टेपने मोजा.

मर्फी बेड दिवसा सोफा, रात्री पलंग. जागा वाचते, दोघांना छान. मात्र दुपारी कोणाला आडवं व्हायचं असेल तर बाकीच्यांनी सोफ्यावरून उठायचं.

पायरी ५: बाथरूम आणि टाक्या

लहान ट्रेलरमध्ये शॉवर आणि कमोड एकाच खोलीत असतात, अंघोळ झाली की सगळंच ओलं. मोठ्या कुटुंबाला शॉवर वेगळा असलेलं ड्राय बाथ घ्या. कमोडवर बसून दार लावून बघा, गुडघे दाराला लागतात का. बंकवरून उतरलेलं मूल अंधारात बाथरूमला जाताना कोणाच्या बिछान्यावरून जातं, तेही बघा.

ट्रेलरला तीन टाक्या असतात: ताज्या पाण्याची, सिंक-शॉवरच्या पाण्याची ग्रे आणि कमोडची ब्लॅक. योसेमिटीसारख्या पार्कांतल्या कॅम्पग्राउंडवर नळ-वीज-ड्रेन जोडण्या मिळत नाहीत, तिथे टाक्यांवरच राहायचं असतं. आधी भरते ती ग्रे, आणि आपल्या भांड्यांमुळे आणखी लवकर. तेलकट कढई आधी पेपर टॉवेलने पुसून मग धुवायची सवय लावा. ३० गॅलनची ग्रे टाकी चौघांना काटकसरीने दोन-तीन दिवस पुरते. कमोडपाशी हँड स्प्रे बसवणार असाल, आणि आपली बहुतेक घरं बसवतातच, तर ब्लॅक टाकीही नेहमीपेक्षा लवकर भरणार. बाकी सगळं सारखं असेल तर मोठ्या टाक्यांचा ट्रेलर निवडा.

पायरी ६: स्वयंपाकाची जागा

बघायला जाताना घरचा कुकर आणि कढई बरोबर न्या. लाजू नका. कुकर शेगडीवर ठेवा: वरच्या कपाटापर्यंत शिट्टीला जागा उरते का? शेजारच्या बर्नरवर कढई मावते का? पोळपाट ठेवायला ओटा आहे का, की सिंकवर झाकण टाकूनच लाटायचं? मग चिमणी कुठे सोडते ते विचारा. काहींत ती वाफ गाळून परत आतच सोडते. मिरच्यांच्या फोडणीला तिचा उपयोग नाही, स्मोक अलार्म वाजणारच. शिवाय बिछाना आणि पडदे चार फुटांवर असतात, त्यांत वास आठवडाभर राहतो. म्हणून फोडण्या, मासे, भजी बाहेर छताखाली, वेगळ्या शेगडीवर. बाहेरच्या बाजूला गॅसची जोडणी असलेला ट्रेलर त्यासाठी शोधण्यासारखा आहे.

मागे किचन असलेल्या प्लॅनमध्ये ओटा भरपूर मिळतो, पण भांडी, धान्य, फ्रिज सगळं वजन चाकांच्या मागे जातं आणि टंग वेट कमी होतं. पाण्याची टाकी चाकांच्या पुढे आहे की मागे, यानेही तोल बदलतो. पुढच्या टोकाला मोठं सामानाचं कपाट असेल तर उलट घडतं. डीलरला टाकीची जागा विचारून घ्या.

विजेचं थोडक्यात: ३० अँपियरच्या जोडणीवर एका वेळी ३,६०० वॅट मिळतात. एसी चालू, मायक्रोवेव्ह चालू आणि कोणी पाण्याची किटली लावली की ब्रेकर पडतो. ५० अँपियर सहसा दोन एसीवाल्या मोठ्या ट्रेलरला असतं.

पायरी ७: स्लाइड बंद करून आत शिरा

स्लाइड-आउट म्हणजे भिंतीचा भाग बाहेर सरकून खोली रुंद होते. डीलरकडे ती नेहमी उघडीच असते, म्हणून सगळे ट्रेलर प्रशस्त वाटतात. ‘ही बंद करा’ म्हणा आणि मग आत जा. फ्रिज उघडतो का? बाथरूमपर्यंत पोचता येतं का? हायवेवरच्या रेस्ट एरियात जेवायला थांबाल तेव्हा ट्रेलर याच अवस्थेत असणार आहे. स्लाइडने वजन वाढतं आणि तिच्या कडेच्या रबरातून पाणी झिरपण्याची शक्यता असते, तेव्हा चौघांना पुरत असेल तर एकच घ्या. तिथेच सगळ्या कुटुंबाला आत घेऊन दार लावा आणि अर्धा तास बसा, पाऊस पडतोय असं समजून. एकाने चहा करायचा, एकाने शूज काढायचे, मुलांनी पत्ते खेळायचे. कोण कोणाला सारखं ‘जरा सरक’ म्हणतंय ते दिसेल.

एकाच दिवसात खूप मॉडेल पाहायची असतील तर पेनसिल्व्हेनियात हर्शीला सप्टेंबरमध्ये भरणारं आरव्हींचं (ट्रेलर आणि मोटरहोमचं) मोठं प्रदर्शन पूर्वेकडच्या लोकांना सोयीचं आहे. टेप आणि स्टिकरवरचे आकडे बरोबर असू द्या.

पायरी ८: भाड्याने घ्या, मग वजन करा

विकत घेण्याआधी आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअरवरून त्याच प्रकारचा ट्रेलर दोन-तीन रात्री भाड्याने घ्या. काही मालक तो कॅम्पग्राउंडवर आणून लावूनही देतात, म्हणजे ओढण्याची चिंता नको, फक्त राहून बघायचं. जमलं तर मनात आहे त्यापेक्षा एक माप लहान घ्या. पुरला, तर पैसे, पेट्रोल आणि बुकिंगची डोकेदुखी तिन्ही वाचतात.

मनासारखा सापडला की सही करण्यापूर्वी त्या विशिष्ट ट्रेलरवरचा स्टिकर वाचा. दारापाशी त्यात किती सामान भरता येईल हे लिहिलेलं असतं आणि एकाच मॉडेलच्या दोन ट्रेलरमध्ये हा आकडा वेगळा असू शकतो. आणि पहिल्या खऱ्या सहलीला, सगळे बसून, सगळं भरून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, थांबा. काट्यावर गाडीचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांची वजनं वेगवेगळी मिळतात. गाडीच्या दोन्ही आसांची बेरीज गाडीच्या स्वतःच्या जीव्हीडब्ल्यूआरशी, म्हणजे भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाशी, ताडून पाहा; तो दारापाशीच्या दुसऱ्या स्टिकरवर असतो. जास्त भरलं आणि पाण्याची टाकी ट्रेलरच्या चाकांच्या पुढे असेल, तर ती रिकामी करून पुढे निघा आणि कॅम्पग्राउंडवर पोचून भरा.